दुकान नंतर, आधी खेळणारी मुलं शोधा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

आम्ही नाशिकला राहतो. मुलगा सहावीत आहे. वर्षभरापासून त्याला पोकेमॉनच्या कार्डांचं वेड लागलंय. वाढदिवसाला आजोबांनी मेन रोडवरून सोनेरी कार्डांचा डबा आणून दिला. पंचावन्न कार्डं, अडीचशे रुपये. महिनाभर तो डबा उशाशी घेऊन झोपायचा. दिवाळीत ठाण्याला माझ्या भावाकडे गेलो, तेव्हा तिथल्या सोसायटीतल्या मुलांनी एक नजर टाकली आणि सांगून टाकलं, "ही सगळी खोटी आहेत, याच्याशी कोणी ट्रेड करणार नाही." तेव्हापासून डबा कपाटात पडून आहे. आता तो माझ्या मागे लागलाय, खरी कार्डं कुठे मिळतात ते शोध आणि खेळणारी मुलं शोध. दोन-तीन मोठ्या दुकानांत विचारलं, ऑनलाइन पाहिलं, पण खरं-खोटं मला कळत नाही. नाशिकमध्ये अशी दुकानं, अशा स्पर्धा असतात का? ह्यांचं म्हणणं, हा पैशाचा चुराडा आहे आणि पाकिटात काय निघेल ते माहीत नसताना घ्यायचं म्हणजे लॉटरीच. त्यांचं चुकतंय असंही मला म्हणवत नाही. काय करू?

एक आई, नाशिक

उत्तर

ताई, नमस्कार.

मुलाने तुम्हाला दोन कामं सांगितली आहेत. त्यातलं दुसरं आधी करा. या छंदात जो थेट दुकानात शिरतो तो हमखास फसतो, आणि जो आधी खेळणाऱ्यांना गाठतो तो सहसा वाचतो. दुकानदाराला माल खपवायचा असतो. रोज खेळणाऱ्या मुलाला मात्र खरा माल कुठे येतो, कोण छापील किमतीपेक्षा जास्त घेतं, शनिवारी कोण टेबल मांडून खेळायला बसू देतं, हे सगळं तोंडपाठ असतं.

म्हणून पहिला फोन ठाण्याला लावा. त्या मुलांबद्दल तुमच्या मनात थोडी अढी असेल. लेकाचा पडलेला चेहरा कोणत्या आईला पाहवेल? पण आज तुमच्या ओळखीत सगळ्यात जाणकार तीच पोरं आहेत. एका नजरेत खोटं ओळखणारी मुलं खरी कार्डं कुठून तरी आणत असणारच. भाच्याला निवांत विचारा: तुम्ही कुठून घेता, तो दुकानदार कुरिअरने पाठवतो का, सोसायटीबाहेर खेळायला कुठे जाता, तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे का. ग्रुप असला तर त्यात मुलाला घालू नका, तुम्ही स्वतः जा. अशा ग्रुपवर मोठी माणसंही असतात, पैशांचे व्यवहार चालतात, आणि सहावीतल्या मुलाने तिथे एकट्याने वावरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हा खेळ माणसांशिवाय चालतच नाही, त्याची रचनाच तशी आहे. १९९३ मध्ये रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने 'मॅजिक: द गॅदरिंग' काढला, तिथून या जातीच्या खेळांची सुरुवात झाली. प्रत्येकाच्या पाकिटात वेगळी कार्डं निघतील, सगळी कोणाकडेच नसतील, म्हणून हवं ते कार्ड दुसऱ्याकडून मागावं लागेल, ही त्यातली मूळ कल्पना. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ १९९६ मध्ये जपानात आला आणि १९९९ मध्ये इंग्रजीत, तो याच वाटेने. तुमचा मुलगा 'खेळणारी मुलं शोध' म्हणतो तेव्हा तो हट्ट करत नाहीये. एकट्याने डबा भरून ठेवण्यात या खेळाचा निम्मा आनंदही मिळत नाही, हे त्याला ठाण्यात दिसलंय.

आता त्या सोनेरी डब्याकडे वळू, कारण खरं-खोटं ओळखता आल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. असे डबे आज तालुक्याच्या बाजारपेठेपासून मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपर्यंत सगळीकडे रचलेले दिसतात. खऱ्या इंग्रजी पाकिटात दहा कार्डं आणि सोबत एक एनर्जी कार्ड (खेळताना पोकेमॉनला हल्ला करायला लागणारं कार्ड) असतं, आणि तेवढ्या एका पाकिटालाच काही शे रुपये पडतात. अडीचशेत पंचावन्न, तीही झाडून सगळी सोनेरी, हे गणितच जुळत नाही. कंपनीने धातूची सोनेरी कार्डं कधी काढलीच नाहीत असं नाही. पंचविसाव्या वर्षानिमित्त २०२१ मध्ये 'सेलिब्रेशन्स' नावाचा संच आला, त्याच्या सगळ्यात मोठ्या खोक्यात पिकाचू आणि चारिझार्ड या दोन पोकेमॉनची (म्हणजे खेळातल्या काल्पनिक प्राण्यांची) एकेक, अशी दोन धातूची कार्डं होती. एवढ्या महागड्या खोक्यात फक्त दोन!

एक खरं कार्ड मिळवा, साधंसुधं चालेल, भाचा एखादं सहज देईल. मुलाला शेजारी बसवा आणि डब्यातलं एक त्याच्या बाजूला ठेवा. समजा तुमच्या हातात '१५१' नावाच्या संचातला पिकाचू आहे. हा संच सप्टेंबर २०२३ मध्ये आला. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ०२५/१६५ असं छापलेलं दिसेल. म्हणजे एकशे पासष्टच्या संचातलं हे पंचविसावं. आकड्याजवळ एक चिन्ह असतं: वर्तुळ म्हणजे सहज मिळणारं, चौकट म्हणजे थोडं कमी मिळणारं, चांदणी म्हणजे दुर्मीळ. कधी आकडा एकूण संख्येच्याही पुढे गेलेला दिसतो. याच संचात चारिझार्डचं एक कार्ड १९९/१६५ आहे. ती छपाईची चूक नव्हे, अशी कार्डं मुद्दाम संचाच्या वर काढलेली असतात आणि मुलं त्यांच्यावर जीव टाकतात. खोट्या कार्डांवर यातलं काहीतरी बरेचदा गडबडलेलं असतं. कधी आकडाच नसतो, कधी असला तरी भलत्याच पोकेमॉनचा असतो. एचपी, म्हणजे तो पोकेमॉन किती मार सोसू शकतो ती संख्या, खऱ्यावर दोन किंवा तीन आकडी असते. नकलीवर कुठे कुठे थेट चार आकडी छापलेली सापडते.

मग पाठ उलटा. खऱ्या कार्डाच्या पाठीवरचा निळा रंग गडद आणि खोल असतो, नकलीवर तो फिकट पडतो किंवा जांभळट मारतो. पोकेमॉन या इंग्रजी नावात ई अक्षरावर छोटी तिरपी रेघ असते, ती नकलीवर बरेचदा विसरलेली असते. अक्षरांची जाडी वरखाली असते, शब्दांत चुका असतात. कार्डाची मापंही ठरलेली आहेत, ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच. पट्टी लावून बघायला मुलांना मजा येते. मोबाइलचा टॉर्च मागून धरा. खऱ्या कार्डाच्या पोटात एक काळसर थर असतो, त्यामुळे प्रकाश फारसा आरपार येत नाही. साधी नकली कागदी कार्डं मात्र कंदिलाच्या कागदासारखी उजळतात. एखादं निरुपयोगी कार्ड फाडून बघायची तयारी असेल तर फाटलेल्या कडेला ती काळी रेघ डोळ्यांनी दिसते.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. जपानी कार्डांची पाठ वेगळी असते आणि जपानी पाकिटात सहसा पाचच कार्डं असतात. ती वेगळी दिसतात म्हणून खोटी ठरवू नका.

हे सगळं तुम्ही शिकून घेण्यापेक्षा मुलालाच शिकू द्या. पुढच्या वेळी ठाण्याला तो कोपऱ्यातला आकडा वाचून बोलेल, तेव्हा त्याच पोरांत त्याची पत आपोआप वाढेल.

आणि आजोबा. 'तुम्हाला गंडवलं' हे वाक्य घरात कोणीही, गमतीतसुद्धा, म्हणू नये. नातवाला काय आवडतं ते ओळखून ते बाजारात गेले, याला मोल आहे. डबा टाकू नका. ती कार्डं घरात खेळायला, चित्रं काढायला वापरू द्या. नियम एकच: ती कोणाला विकायची नाहीत आणि कोणाशी बदलायची नाहीत. आपण ज्याला फसलो तेच एखाद्या पहिलीतल्या पोराच्या गळ्यात मारण्याचा मोह मुलांना होतो. तो आत्ताच मोडून काढलेला बरा.

आता दुकान. माझ्या मते सगळ्यात उपयोगाची आणि कोणीही न वापरणारी युक्ती पाकिटाच्या पाठीवर चिकटवलेली असते. परदेशातून आलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव, पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क देणं आपल्याकडे २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांनुसार बंधनकारक आहे. मॉलमधल्या खेळण्यांच्या मोठ्या दुकानात जा, पोकेमॉनचं एक सीलबंद पाकीट हातात घ्या आणि त्या पांढऱ्या स्टिकरचा फोटो काढा. घरी येऊन त्या नंबरावर फोन करा आणि सरळ विचारा, "नाशिकमध्ये तुमचा माल कोणकोणत्या दुकानांत जातो?" आयातदाराला हे सांगण्यात काही अडचण नसते, उलट गिऱ्हाईक मिळत असतं. एका फोनमध्ये तुमच्या हातात शहरातल्या दुकानांची यादी येऊ शकते, आणि तीही अशी की जिथे माल वरूनच खरा येतो.

स्टिकर नाही म्हणजे माल खोटाच, असंही नाही. कोणी दुबईहून किंवा सिंगापूरहून बॅगेत घेऊन आलेला खरा माल सुटा विकला जातो. पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. आणि स्टिकरवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त कोणी मागितले, 'सध्या शॉर्टेज आहे' म्हणाला, तरी ते नियमात बसत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, शिवाय वैधमापन शास्त्र विभागाकडेही तक्रार करता येते. दरवेळी भांडायलाच हवं असं नाही, पण नियम माहीत आहे हे बोलण्यातून कळलं की दुकानदार सहसा छापील किमतीवर येतो.

खेळण्यांचं दुकान आणि या छंदाचं दुकान यांत फरक आहे, तो फोनवरच कळतो. तीन प्रश्न विचारा. सुटी कार्डं मिळतात का? स्लीव्ह, म्हणजे कार्डावर चढवायच्या प्लास्टिकच्या पातळ पिशव्या, आहेत का? खेळायला मुलं कोणत्या दिवशी येतात? खेळणीवाला पहिल्याच प्रश्नाला गोंधळतो. छंदातला दुकानदार मात्र स्लीव्ह म्हटल्यावर उलट विचारतो, "कुठल्या गेमसाठी?" कारण पोकेमॉन आणि मॅजिकला एक माप लागतं आणि यु-गि-ओ या तशाच आणखी एका खेळाची कार्डं त्याहून लहान असतात. हा प्रतिप्रश्न ऐकू आला की ओळखा, ठिकाण बरोबर आहे. शहरात बोर्ड गेम ठेवणारा एखादा कॅफे असेल तर तिथेही हेच विचारा. कार्डं विकत नसले तरी खेळणारे कोण कुठे बसतात ते त्यांना माहीत असतं.

स्पर्धांसाठी पोकेमॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर कार्यक्रम शोधायची सोय आहे. शहराचं नाव टाकलं की जवळचे कार्यक्रम दिसतात. नाशिकसाठी काही दिसलं नाही तर मुंबई आणि पुणे टाकून बघा. मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीचाही असाच दुकानांचा शोध आहे, तोही चाळा. तुमच्या मुलाला मॅजिक खेळायचं नसलं तरी जे दुकान एका खेळासाठी टेबलं मांडतं तिथे दुसऱ्याचेही खेळाडू येतात, आणि आले नाहीत तरी दुकानदार त्यांना ओळखतो.

कार्यक्रम अनेक तऱ्हेचे असतात. लीग चॅलेंज आणि लीग कप म्हणजे गुण मिळवून देणाऱ्या स्पर्धा. तिथे मुरलेले खेळाडू येतात, आणि पहिल्याच फेऱ्यांत हरून मुलाचा हिरमोड होऊ शकतो. नवशिक्यासाठी मला प्रीरिलीज सगळ्यात आवडतो. नवा संच बाजारात येण्याच्या थोडं आधी तो भरतो. येणाऱ्या प्रत्येकाला एक खोका मिळतो, त्यात चाळीस कार्डांचा तयार डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, आणि चार पाकिटं असतात. घरून काही आणायचं नसतं. तिथेच पाकिटं फोडायची, डेकमध्ये हवी ती नवी कार्डं घालायची आणि खेळायला बसायचं. कोणाकडे किती वर्षांचा साठा आहे याने काही फरक पडत नाही, सगळे एका रेषेवर. मोठ्या स्पर्धांत ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स असे वयोगट असतात. लहान मुलाचं खातं पालकाने उघडून द्यायचं असतं. नोंदणीच्या वेळी जन्मवर्षावरून मुलाचा गट कोणता तेवढं विचारून घ्या.

जुनी कार्डं घेऊन स्पर्धेला जायचं असेल तर कार्डाच्या खाली डावीकडे चौकोनात छापलेलं एक इंग्रजी अक्षर बघा. ठरावीक काळाने जुनी अक्षरं नेहमीच्या स्पर्धांतून बाद होतात. घरी खेळायला काही अडत नाही, पण कोणी 'स्पर्धेचा डेक' म्हणून स्वस्तात देत असेल तर आधी ते अक्षर वाचायचं.

मुंबईची एक फेरी जरूर करा. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं, शिवाय ठाण्यात माहेर आहेच. पण क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक गल्ल्यांत पोकेमॉनच्या नावाखाली काही घेऊ नका, आजोबांचा डबा बहुधा तिथूनच मेन रोडला पोचलाय. त्यापेक्षा फेरी एखाद्या कार्यक्रमाच्या दिवशी जुळवा. मुंबई कॉमिक कॉन हा कॉमिक्स आणि अशा छंदांच्या चाहत्यांचा मेळा दरवर्षी भरतो, तारखा बदलतात आणि तिकीट असतं. तिथे कार्डं विकणारे असतातच, पण खरेदीची घाई करू नका. गर्दीत, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, मुलगा हात ओढत असताना महागडं सुटं कार्ड तपासून घेता येत नाही. तिथे जायचं ते ओळखी करायला. दुकानदाराचं कार्ड घ्या, तुमचं दुकान कुठे आहे, नाशिकचे कोणी गिऱ्हाईक आहेत का, हे विचारा. मुंबईच्या दुकानदाराकडून नाशिकमधल्या दोन खेळाडूंचा पत्ता लागणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

आता नाशिकबद्दल. शोधून शोधून तुम्हाला शहरात एक-दोन दुकानं मिळतीलही, पण आठवड्याला भरणारं टेबल कदाचित मिळणार नाही. तसं झालं तर ते तुम्हीच मांडा, ताई. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. बहुतेक शहरांत हा खेळ असाच रुजला आहे, कोणीतरी एकाने जागा धरली आणि दर आठवड्याला तिथे बसला.

संग्रहाची आवड नाशिकला नवी नाही. देशाची टपाल तिकिटं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जातात, अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाणी-तिकिटांची प्रदर्शनं भरतात तिथे मुलाला घेऊन जा. पोकेमॉन तिथे क्वचितच दिसेल, पण खणांची प्लास्टिकची पानं, अल्बम, पारदर्शक पाकिटं तिथे मिळतात, आणि वस्तू कडेने धरायची, बोटं पृष्ठावर टेकवायची नाहीत, हे तिथल्या आजोबा मंडळींकडून शिकण्यासारखं आहे. जागेसाठी सोसायटीचा हॉल बघा, शाळेत शनिवारची वेळ मागा. १८४० पासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथल्या बालविभागात विचारायलाही काही हरकत नाही. मुलं दोन तास मोबाइलशिवाय बसून पत्ते वाचतायत, नियमांवरून वाद घालतायत, हे ऐकून ग्रंथपाल नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

सुरुवातीला चार मुलं पुरे. 'बॅटल अकॅडमी' नावाचं खोकं मिळतं, त्यात तीन तयार डेक, खेळायचा पट आणि पायरीपायरीने शिकवणाऱ्या पुस्तिका असतात. एवढ्या एका खोक्यावर टेबल सुरू होतं. नेहमीचा डेक साठ कार्डांचा असतो, एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं चालतात, फक्त साध्या एनर्जीला मर्यादा नाही. सहा बक्षिसाची कार्डं बाजूला मांडून खेळ सुरू होतो, आणि ती सहा आधी उचलणारा जिंकतो. आजोबांनाही एक डेक द्या. रमी-झब्बू खेळलेल्या माणसाला हे पंधरा मिनिटांत जमतं.

अदलाबदलीचे नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळायला लावा. टेबलावर पैशांचा व्यवहार नाही. साध्या कार्डांची अदलाबदल मुलं आपापसांत करतील, पण चांदणीवालं कार्ड द्यायचं असेल तर घरच्यांना विचारून. आणि झालेला सौदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोडता येईल, कुरकुर न करता. हा शेवटचा नियम फार मोलाचा आहे. मोठी मुलं गोड बोलून लहानांकडून चांगली कार्डं काढून घेतात, हे जिथे मुलं जमतात तिथे घडतंच. रात्री घरी गेल्यावर लहान्याला कळतं की आपण काय देऊन बसलो. सौदा मोडायची मुभा असली की मोठीही आधीच सरळ वागतात. याच कारणासाठी टेबलापाशी एक तरी मोठं माणूस हवं.

ऑनलाइन सुटी कार्डं घेताना विक्रेत्याकडून दिवसाच्या उजेडात काढलेले, पुढचा आणि मागचा असे दोन फोटो मागा, शेजारी कागदावर त्या दिवशीची तारीख लिहिलेली असावी. जो हे द्यायला टाळाटाळ करतो त्याला यूपीआय करायचं नाही. प्रत्यक्ष भेटून घ्यायचं असेल तर दुकानात किंवा कॅफेत, आणि तुम्ही बरोबर असतानाच. पावसाळ्यात चकचकीत कार्डं दमटपणाने वाकतात, म्हणून बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवा आणि अल्बमच्या डब्यात टाका.

राहिला तुमच्या ह्यांचा मुद्दा. लॉटरीबद्दल ते बरोबर बोलतायत आणि मी त्यांच्याच बाजूने आहे. पाकीट फोडण्यात जी झिंग असते ती तशीच असते, आणि अकरा वर्षांच्या मुलाला तिची सवय लागू नये. शिवाय चकाकी म्हणजे दुर्मीळ, असंही आता राहिलेलं नाही. 'स्कार्लेट अँड व्हायलेट' मालिकेपासून प्रत्येक पाकिटात किमान तीन चकचकीत कार्डं असतातच, त्यातली बरीचशी कोणी फारशी विचारत नाही. २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ सालचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं, अशा बातम्या मुलांच्या कानावर येतात आणि पाकिटातून नशीब निघेल असं त्यांना वाटू लागतं. तसं निघत नाही, हे त्याला एकदा कागदावर हिशेब मांडून दाखवा: इतकी पाकिटं, इतके रुपये, आणि त्याला हवं असलेलं तेच कार्ड सुटं घेतलं तर किती.

पण चुराडा हा शब्द मला पटत नाही. त्यांना विचारून बघा, शाळेत असताना कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं खेळलात का, अंडरटेकरचा नंबर आणि वजन अजून आठवतं का. चीटोसच्या पुड्यांत पोकेमॉनचे टॅझो, म्हणजे चित्रांच्या गोल चकत्या, यायचे, त्यासाठी पुड्या कोणी कोणी संपवल्या? त्या पिढीने हा व्यवहार मधल्या सुट्टीत केला, कोणी त्याला स्पर्धा म्हटलं नाही एवढंच. आज तेच खेळताना मुलगा इंग्रजीतले बारीक अक्षरातले नियम वाचतो, नव्वदातून तीस वजा करतो, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवतो. त्याला थोडे पैसे पडले तर पडू द्यावेत.

खर्च असा बांधा. सुरुवातीला एक तयार डेक किंवा बॅटल अकॅडमी, स्लीव्हचं एक पाकीट आणि नऊ खणांच्या पानांचं एक बाइंडर. पहिले दोन-तीन महिने यापलीकडे काही नको. त्यानंतर महिन्याला घराला परवडेल अशी एक रक्कम ठरवा, ती त्याच्या हातात द्या आणि सुटी कार्डं घ्यायची की साठवून प्रीरिलीजला जायचं, हे त्याला ठरवू द्या. फोडायचं पाकीट फक्त वाढदिवसाला आणि परीक्षा संपल्यावर, तेही काउंटरवर त्याच्या समोर उघडलेल्या सीलबंद खोक्यातून काढून दिलेलं. टोपलीत सुटी पडलेली पाकिटं उचलायची नाहीत, कारण पुन्हा चिकटवलेलं पाकीट ओळखणं मोठ्यांनाही जड जातं.